‘दक्षता घेण्यात यावी’ : वृद्धनिवासांच्या नियमभाषेचे परीक्षण

वृद्धनिवासांची सुरक्षितता आणि त्यांचे व्यवस्थापन यांविषयी जे लेखन होते ते बहुधा वैद्यक, समाजकार्य आणि कायदा या तीन अंगांनी होते. भाषेचे अंग त्यात येत नाही. भाषा हे नियमाचे वस्त्र आहे, आशय काय तो वेगळाच असतो, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु नियम हा वाक्यांचाच बनलेला असतो. कोणी, केव्हा, कोणासाठी, काय करावयाचे हे त्या वाक्यात नसेल तर ते अन्यत्र कोठेही नसते. वृद्धनिवासात राहणारी व्यक्ती बहुशः स्वतः उठू शकत नाही, क्वचित बोलूही शकत नाही. तेव्हा वाक्यातील एखादे पद गळाले तर त्याची किंमत तिला मोजावी लागते. या दृष्टीने आपल्याकडील नियमांची वाक्यरचना तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासंबंधीचा केंद्रीय अधिनियम २००७ साली झाला. त्याचे एकोणिसावे कलम वृद्धनिवासांविषयी आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक आणि प्रत्येकात किमान १५० निर्धन ज्येष्ठ नागरिकांची सोय, असा त्याचा विस्तार आहे. आकडे भरघोस आहेत, परंतु क्रियापद लंगडे आहे. मूळ इंग्रजीत शासनाने अशी निवासस्थाने स्थापावीत यासाठी ‘शॅल’ न योजता ‘मे’ योजले आहे. आपल्या विधिमराठीत ‘मे’साठी ‘करता येईल’ ही रचना रूढ आहे. म्हणजे ‘किमान १५०’ हा आग्रह ‘स्थापन करता येतील’ या सवलतीवर टांगलेला आहे. व्यवस्थापनाची योजना व तिची मानके यांविषयीच्या पोटकलमातही तेच सौम्य क्रियापद आहे. विसाव्या कलमात मात्र ‘शॅल’ आले आहे. शासकीय रुग्णालयांनी सर्व ज्येष्ठ नागरिकांना खाटा द्याव्यात, असे तेथे निश्चयाने म्हटले आहे. पण त्याच वाक्याच्या शेपटाशी ‘शक्य असेल तेथवर’ ही पुस्ती जोडलेली आहे. पहिल्या कलमाने क्रियापदात जे सोडले ते दुसऱ्याने क्रियाविशेषणात सोडले.

मराठीत आणखी एक अडचण उद्भवते. ‘शॅल’साठी आपण ‘-ईल’ हा भविष्यकाळी प्रत्यय वापरतो. ‘अधीक्षक नोंद ठेवील’ हे वाक्य आज्ञा आहे की भाकीत, हे त्याच्या रूपावरून कळत नाही. कायद्याच्या अभ्यासकास ती आज्ञा आहे हे संकेताने ठाऊक असते. परंतु वृद्धनिवासाचा नियम अखेरीस ज्याच्या हाती जातो तो मदतनीस अथवा अधीक्षक त्या संकेताचा दीक्षित नसतो. ‘ठेवील’ यात त्याला एक सदिच्छा ऐकू येते. ‘ठेवलीच पाहिजे’ असे म्हणण्याचा संकोच विधिमराठीने का बाळगावा, हे समजणे कठीण आहे.

आता या अधिनियमाच्या अंमलासाठी केलेल्या केंद्रीय आदर्श नियमांकडे वळू. त्यांच्या परिशिष्टात मानके दिलेली आहेत. दर व्यक्तीस शयनकक्षात ७.५ चौरस मीटर जागा असावी, स्वयंपाकघर, भोजनकक्ष, करमणुकीची खोली इत्यादी धरून एकूण १२ चौरस मीटर असावी. आणि येथेही ‘शक्य तेथवर’ आहेच. त्यापुढे पाणी, वीज, पंखे, वर्तमानपत्रे, पुस्तके, प्रथमोपचार यांचा उल्लेख येतो. मग ‘संचालनाची मानके’ या मथळ्याखाली पौष्टिक आहार, पुरेसे कपडे व अंथरूण-पांघरूण, स्वच्छता व पहारा यांची पुरेशी व्यवस्था, नजीकच्या शासकीय रुग्णालयाशी व पोलीस ठाण्याशी संधान, अशी वाक्ये आहेत. वाक्ये असे म्हणणेही उदारपणाचे ठरेल, कारण यांतील बहुतेक केवळ नामसमूह आहेत. जेथे भिंत आहे तेथे दशांश चिन्हापर्यंत आकडा आहे. जेथे माणसाने काही करावयाचे आहे तेथे ‘पुरेसे’ हे विशेषण आहे. ‘पुरेसा’ हे सापेक्ष विशेषण होय. ‘कोणास’ आणि ‘कशास’ ही दोन पदे जवळ असल्याखेरीज त्याचा अर्थ पुरा होत नाही. पहाटे चार वाजता चाळीस अंथरुणांमागे किती जागी माणसे असली म्हणजे ती ‘पुरेशी’, हे मोजपट्टीने सांगता येत नाही. ते कोणीतरी ठरवून लिहावे लागते.

ही उणीव एकट्या या परिशिष्टाची नव्हे. आपल्या कार्यालयीन मराठीचा तो स्थायीभावच झाला आहे. ‘दक्षता घेण्यात यावी’, ‘व्यवस्था करण्यात यावी’, ‘तपासणी केली जावी’ या रचना कोणत्याही परिपत्रकात आढळतील. धातुसाधित नामाची सप्तमी आणि ‘येणे’ यांच्या संयोगाने जो प्रयोग सिद्ध होतो त्यात कर्ता घालता येतो, पण घालावा लागत नाही. ‘कडून’ लावून तो आणता येईल. व्याकरणकारांनी ज्यास नवीन कर्मणी म्हटले आहे तो प्रयोग इंग्रजीच्या सहवासात आपल्याकडे अशा रीतीने रुळलाही. परंतु लिहिणाऱ्याने कर्ता गाळला तरी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते, आणि ही निर्दोषताच घातक ठरते. कर्ता नसलेले वाक्य वाचून अधीक्षकास वाटते की ते विश्वस्तांस उद्देशून आहे, विश्वस्तांस वाटते अधीक्षकास, आणि रात्रपाळीच्या मावशींपर्यंत तर ते पोहोचतच नाही.

नियमलेखनात मराठी अशीच असावयाची, असे मात्र नाही. चिपळूणनजीक हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठविलेले पत्र इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. रयतेस उपद्रव देऊ नये या आशयासाठी ते नेहमी उद्धृत होते. आग प्रतिबंधाचा एक उत्कृष्ट लेख म्हणून मात्र ते क्वचितच वाचले जाते. कोणी भलत्या जागी चूल पेटवील, कोणी वारा न पाहता तंबाखू ओढण्यासाठी आग नेईल, रात्री दिवा जळता राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताची एक गंजी पेटली की साऱ्या पेटतील, पाठोपाठ घोडी जातील, असा कार्यकारणाचा सारा क्रम त्यात डोळ्यांपुढे उभा केला आहे. पत्र कोणास आहे हे पहिल्याच ओळीत स्पष्ट आहे. कोणती वेळ धोक्याची, कोणती वस्तू धोक्याची, कोणाचे वर्तन धोक्याचे, हे सर्व त्यात आहे. आणि हयगय झाल्यास जबाबदार कोण याविषयी पत्र घेणाऱ्याच्या मनात संशय उरणार नाही. सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या पत्रात घोड्यांच्या सुरक्षिततेसाठी भाषेने जेवढे कष्ट घेतले आहेत तेवढे आजच्या परिशिष्टात वृद्धांसाठी घेतलेले दिसत नाहीत.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. कर्मणी प्रयोग स्वभावतःच दोषी आहे असे नव्हे. इंग्लंडमधील काळजीसेवांना लागू असलेल्या २०१४ च्या विनियमांतील बारावा विनियम सुरक्षित शुश्रूषेविषयी आहे, आणि त्याचे पहिलेच वाक्य कर्मणी आहे : सेवा घेणाऱ्यांना काळजी व उपचार सुरक्षित रीतीने दिले गेले पाहिजेत. पण त्याआधीच, आठव्या विनियमात, पुढील सर्व विनियमांचे पालन ‘नोंदणीकृत व्यक्ती’ने केलेच पाहिजे असा कर्ता एकदा ठामपणे प्रतिष्ठित केलेला आहे. बाराव्यातही दुसऱ्याच परिच्छेदात तो पुन्हा अवतरतो आणि त्याच्या नावावर कामे चढविली जातात : धोक्यांचा अंदाज घेणे, ते कमी करण्यासाठी व्यवहारतः शक्य ते सर्व करणे, काळजी घेणाऱ्यांकडे पात्रता, कौशल्य व अनुभव असल्याची खात्री करणे, औषधांची योग्य व सुरक्षित हाताळणी. ‘शक्य ते’ ही मर्यादा येथेही आहेच, पण ती एका नोंदणीकृत माणसाच्या खांद्यावर आहे. पूर्वपद आधी दिलेले असले म्हणजे अध्याहृत कर्ता वाचकास सापडतो. आपल्या परिशिष्टात तो शोधण्यास मागे जावे तर मागे ‘मे’ उभा आहे.

कर्त्याप्रमाणे कर्मही गळू शकते, आणि त्याचा परिणाम किती भयंकर होतो याचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये घडले. अडिंग्स्टन येथील रोझपार्क या वृद्धनिवासात ३१ जानेवारी २००४ रोजी पहाटे आग लागली आणि १४ वृद्धांचा मृत्यू झाला. एका कपाटातील विजेच्या वितरण पेटीत दोष उत्पन्न होऊन आगीची सुरुवात झाली होती. लांबलचक मार्गिका मध्ये दार घालून विभागलेली नव्हती, शयनकक्षांची दारे उघडी होती आणि धूर त्या वाटेने आत शिरला. अग्निशामक दलास बोलाविण्यात मोलाची मिनिटे गेली, कारण आधी आग कोठे आहे ते शोधावे अशी तेथील रीत होती. रात्रपाळीच्या सेविकांना पुरेसा सराव दिलेला नव्हता. या मृत्यूंची चौकशी होऊन २०११ मध्ये निर्णय प्रसिद्ध झाला. त्यात व्यवस्थापनाच्या अनेक उणिवा नोंदविल्या आहेत. परंतु भाषेच्या अभ्यासकाने थांबावे अशी जागा एक आहे. त्या निवासाच्या आगीच्या धोक्याचा अंदाज घेणारा लेख तयार झालेला होता. मात्र ज्यांना धोका आहे अशा व्यक्तींत तेथे राहणाऱ्या वृद्धांची गणनाच झालेली नव्हती, आणि चौकशीने ही गंभीर चूक ठरविली. कागद होता, रकाने होते, सही होती. ज्यांच्यासाठी ते घर उभे होते तेच वाक्याबाहेर राहिले होते.

ते वाक्याबाहेर का राहतात, याचे उत्तर काही अंशी नामकरणात मिळते. पुण्यातील ‘निवारा’ म्हणून आज परिचित असलेली संस्था ‘डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह’ या नावाने चालत आली. एकाच संस्थेच्या दोन नावांत दोन दृष्टी आहेत. पहिल्यात राहणाऱ्याची उणीव सांगितली आहे, दुसऱ्यात त्यास काय मिळते ते. ‘वृद्धाश्रम’ हा शब्द यांच्या मधला. ‘श्रम्’ धातूपासून निघालेल्या आश्रमाला तपश्चर्येची, आणि पुढे अण्णासाहेब कर्वे यांच्या १८९६ च्या अनाथ बालिकाश्रमासारख्या संस्थांमुळे सेवेची प्रतिष्ठा लाभली. हे नाव आदराचे आहे, पण त्यात एक गोम आहे. आश्रमात आश्रय मिळतो, तेथे कोणी हक्काने राहत नाही, आणि जेथे आश्रय मिळतो तेथे तक्रार हा कृतघ्नपणा ठरतो. सरकारी भाषेत तर राहणाऱ्यास एक नाव नाहीच. अधिनियमाच्या इंग्रजीत ‘रहिवासी’ या अर्थाचा शब्द आहे. आदर्श नियमांच्या परिशिष्टात तुरुंगासही चालणारा ‘इन्मेट’ आहे. मराठी कागदांत ‘प्रवेशित’, ‘अंतेवासी’, ‘लाभार्थी’ असे शब्द येतात. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा शिष्य. ऐंशी वर्षांच्या गृहस्थास हा शब्द लावण्यात नकळत विनोद झाला आहे. ‘प्रवेशित’ हे कर्मवाचक धातुसाधित आहे : ज्यास कोणी आत घातले तो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या वर्गवारीत वृद्धांची व अनाथांची निवासस्थाने ‘कस्टोडियल’ म्हणजे अभिरक्षेच्या वर्गात मोडतात, हेही याच ओळीत लक्षात ठेवावे. ‘रहिवासी’ हा साधा, घरगुती आणि कर्तृवाचक शब्द उपलब्ध असता या सर्वांचे प्रयोजन उरत नाही.

नियमापेक्षाही ज्या लेखनावर वृद्धांचे क्षेमकुशल रोज अवलंबून असते ते म्हणजे नोंदवही. येथे मराठीच्या घडणीतील एक विशेष ध्यानात घ्यावयास हवा. सकर्मक धातूच्या भूतकाळात आपले क्रियापद कर्माप्रमाणे चालते. ‘मावशी गोळी देते’ यात क्रियापद मावशींकडे पाहते. ‘गोळी दिली’ यात ते गोळीकडे पाहते. ‘गोळी दिली’ एवढ्यानेच मराठी वाक्य पूर्ण वाटते, कर्त्याची उणीव कानास खटकत नाही. म्हणूनच नोंदवह्यांतून ‘सकाळची गोळी दिली’, ‘स्नान घातले’, ‘कूस बदलली’ अशा ओळी निर्वेधपणे उतरतात. लिहिणारा काही लपवीत असतो असे मुळीच नाही. भाषाच त्याला कर्ता विसरू देते. देणाऱ्याचे नाव आणि घड्याळाची वेळ यांचे वेगळे रकाने मराठी नोंदवहीत अनिवार्य आहेत ते याच कारणास्तव.

क्रियापदांच्या निवडीतही अशीच खबरदारी हवी. ‘औषध घेतले नाही’ आणि ‘औषध दिले नाही’ यांत रहिवाशाचा नकार आणि सेवकाची चूक एवढे अंतर आहे. ‘आजी न्हाणीघरात पडल्या’ हे वाक्य पाहणाऱ्याचे आहे. ‘आजी न्हाणीघरात पडलेल्या आढळल्या’ हे नंतर येणाऱ्याचे. दुसऱ्या वाक्यानंतर लगेच प्रश्न उभा राहतो की त्या किती वेळ पडून होत्या, आणि डॉक्टरास तोच प्रश्न महत्त्वाचा असतो. व्यवहारात दोन्ही प्रसंगी ‘पडल्या’ असेच लिहिले गेले तर मधला वेळ नाहीसा होतो. तसेच ‘हट्ट करतात’, ‘कुरकुर करतात’, ‘चिडचिड करतात’ हे शब्द. वेदना, तहान, भीती, क्वचित मारहाणदेखील या शब्दांत बुडून जाते. नोंदवहीत रहिवाशाने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि त्यांविषयीचे लेखकाचे मत वेगळे लिहावे. भाषेचे क्षेत्रकार्य करणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात जे शिकतो तेवढेच हे आहे. आपल्या घरांतून रहिवाशांना ‘आजी’, ‘आजोबा’ आणि सेविकांना ‘मावशी’ म्हणतात. ही आप्तवाचक संबोधने परक्या भिंतींना उबारा देतात, ती टाकून देण्याचे कारण नाही. मात्र मावशीविरुद्ध तक्रार करणे हे पदाधिकाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याहून अवघड असते. तेव्हा तक्रार ऐकणारा कोणी एक तरी या नात्यांच्या बाहेरचा असावा.

तपासणीचे लेखन याच कसोटीस लावता येईल. बिहारमधील निवासी संस्थांची सामाजिक तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने केली आणि २०१८ मध्ये तिचा अहवाल शासनास दिला. मुजफ्फरपूर येथील बालिकागृहातील अत्याचार त्यामुळे उजेडात आले व पुढे २०२० मध्ये दिल्लीतील न्यायालयात आरोपी दोषी ठरले. हे गृह वृद्धांचे नव्हते म्हणून हे उदाहरण दूर सारू नये. येथे विचार पद्धतीचा आहे. दप्तर पाहून सही करणे आणि राहणाऱ्यांशी बोलणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि नेहमीच्या सरकारी यंत्रणेच्या हाती जे लागले नव्हते ते दुसरीने हाती आले. तपासणीच्या छापील नमुन्यात ‘आहे / नाही’ असे दोनच पर्याय असतात. अग्निशामक नळकांडे आहे. प्रथमोपचाराची पेटी आहे. नळकांडे कोणास चालविता येते, पेटीची किल्ली रात्री कोणाकडे असते, या प्रश्नांना ‘आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही.

याउलट महाराष्ट्राच्याच एका कायद्याचे वाक्य चांगले वठले आहे, ते नमूद न करणे अन्यायाचे होईल. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांविषयीच्या २००६ च्या अधिनियमाने, तो ज्या इमारतींना लागू आहे तेथील मालक किंवा भोगवटादार यांनी आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे अनुज्ञप्तिधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे आहे. कर्ता आहे, काळ आहे, कर्म आहे, कोणाची सही तेही आहे. त्याची मर्यादा एवढीच की ते यंत्राविषयी बोलते. घंटा वाजल्यावर पहिल्या मिनिटात कोणी कोणत्या खोलीकडे जावयाचे, हे त्याच्या कक्षेबाहेर राहते. ते निवासाच्या अंतर्गत नियमांत यावयास हवे, आणि तेथे पुन्हा ‘दक्षता घेण्यात यावी’ हेच वाक्य वाट पाहत असते.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. अनेक वृद्धनिवास देणग्यांवर चालतात. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत. अशा स्थितीत प्रयोग बदलून काय होणार? केवळ प्रयोग बदलून काहीच होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु भाषा आणि पैसा यांचा संबंध आक्षेपकास वाटतो त्याहून निकटचा आहे. ‘रात्री लक्ष ठेवण्यात यावे’ हे वाक्य फुकट आहे. ‘रात्री दहा ते सकाळी सहा प्रत्येक मजल्यावर एक प्रशिक्षित मदतनीस जागा राहील आणि दर दोन तासांनी फेरी मारून वेळ लिहील’ या वाक्याला पगार लागतो. कर्ता लिहिला की त्याचे वेतन अंदाजपत्रकात दाखवावे लागते, तो आजारी पडल्यास बदली माणूस दाखवावा लागतो. कर्त्याविना लिहिण्याची सवय केवळ इंग्रजीच्या अनुकरणाने पडली असे मानणे म्हणूनच भोळेपणाचे होईल. ती स्वस्तही आहे. पैसा नसेल तर ‘हे काम करण्यास आमच्याकडे माणूस नाही’ असे लिहिलेले बरे. निदान आपल्या आईला तेथे ठेवू पाहणाऱ्या मुलीला ते वाचता येईल.

२००७ च्या अधिनियमात सुधारणा करण्यासाठी २०१९ साली लोकसभेत विधेयक मांडले गेले. त्यात ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी आणि किमान मानके यांची तरतूद योजिली होती. ते त्या लोकसभेच्या मुदतीत संमत झाले नाही. असा प्रयत्न पुन्हा होईल तेव्हा मराठी पाठ नेहमीप्रमाणे शेवटी, इंग्रजीवरून, कोशांच्या आधाराने तयार होण्याचा संभव आहे. भाषा संचालनालयाने १९६० पासून परिभाषेचे मोठे कार्य केले आहे, परंतु परिभाषा शब्द पुरविते, वाक्य पुरवीत नाही. मराठी मसुदा मूळ मसुद्याबरोबरच रचला जावा. तो मान्य करण्यापूर्वी विधितज्ज्ञांबरोबर एखाद्या वृद्धनिवासातील रात्रपाळीच्या मावशींनाही वाचून दाखवावा, प्रत्येक वाक्यानंतर थांबून ‘यात तुमचे काम कोणते?’ असे त्यांना विचारावे, आणि ज्या वाक्याला त्यांच्याकडून उत्तर येणार नाही ते पुन्हा लिहावे.